'आकर्षक वेबसाईट' म्हणजे नेमकं काय?

शाळेची वेबसाईट करायची ठरली की बैठकीत एक वाक्य हमखास येतं – "जरा आकर्षक करा, उठून दिसली पाहिजे!" आमच्याकडेही हेच झालं. काम एका माजी विद्यार्थ्याकडे होतं. त्याने विचारलं, "बाई, आकर्षक म्हणजे नेमकं कसं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने आपल्या समजुतीने केलं. सरकणारी सूचनापट्टी, लुकलुकणारं 'नवीन', आपोआप बदलणारे मोठे फोटो. सगळे खूश!

पंधरा दिवसांनी एक आई कामावर खाडा करून शाळेत आल्या. परीक्षेचं वेळापत्रक मोबाईलवर सापडेना. ते त्या सरकत्या पट्टीत होतं. बोट टेकवेपर्यंत निघून जायचं.

असं का होतं? हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप वळतो, त्यामुळे शेजारचं वाचन तुटतं. सावकाश वाचणाऱ्याचे तर फारच हाल होतात. म्हणूनच वेबसाईट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारी गोष्ट वाचकाला थांबवता आली पाहिजे. तसंच पानावरचं काहीही एका सेकंदात ३ पेक्षा जास्त वेळा चमकू नये, कारण काहींना त्याने फिट येऊ शकते.

पण चूक त्या मुलाची नव्हती. आपण वर्गात "निबंध छान लिहा" एवढंच सांगितलं, तर मुलं काय करतात? अवघड शब्द आणि म्हणी भरतात. इथेही तेच झालं.

म्हणून काम देण्याआधी स्वतःला हे विचारा:

१. साईट कोण उघडणार? मोबाईलवर की संगणकावर?
२. त्यांना सर्वात आधी काय हवं असतं?
३. ते किती क्लिकमध्ये मिळालं पाहिजे?
४. दुसऱ्या शाळेची साईट आवडली असेल, तर त्यातलं नेमकं काय आवडलं?

आम्ही हे प्रश्न घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "खरं सांगू? पहिलीचे प्रवेश कमी होत आहेत." म्हणजे 'आकर्षक'च्या आड ही काळजी होती! मग पट्टी गेली. वर आलं वेळापत्रक, प्रवेशाची माहिती, फोन नंबर आणि आपल्याच मुलांचा, पालकांना विचारून लावलेला एक फोटो. त्या आईंना पुन्हा खाडा करावा लागला नाही.

तुमच्या शाळेची साईट आज मोबाईलवर उघडून बघा. वेळापत्रक सापडतंय का?