पात्याची बाजू

ब्रिटनमध्ये 1 ऑगस्ट 2025 पासून ‘निंजा’ तलवारींवर बंदी आली आणि चाकूंचा वाद पुन्हा ऐरणीवर आला. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये तिथे ‘झॉम्बी’ पद्धतीचे भयावह चाकू बेकायदा ठरले होते. जर्मनीत झोलिंगेनच्या उत्सवात ऑगस्ट 2024 मध्ये एका हल्लेखोराने चाकूने तिघांचे प्राण घेतले आणि काही आठवड्यांतच तिथल्या संसदेने सार्वजनिक उत्सवांत कुठलाही चाकू जवळ बाळगायला मनाई केली. जे शहर शतकानुशतकं उत्तम पाती घडवून पोट भरत आलं, तिथल्याच हल्ल्यातून हा कायदा यावा हे वेदनादायक आहे. याच्या थोडं आधी, मे 2024 मध्ये, स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे प्रमुख कार्ल एल्सेनर यांनी बिनपात्याच्या खिशातल्या साधनावर काम सुरू असल्याचं सांगितलं होतं. काही बाजारपेठांत पात्यामुळे आपलं साधन हत्यारासारखं भासतं, अशी त्यांची अडचण होती. सायकलस्वारांना अवजारं लागतात, पातं लागतंच असं नाही, हे त्यांचं उदाहरण होतं. ‘स्विस चाकूतून चाकूच गायब’ असे मथळे तेव्हा जगभर झळकले. पात्याचे चाकू बंद होणार नाहीत, हा कंपनीचा खुलासा मात्र फारसा कुणी वाचला नाही. एल्सेनर यांची अडचण खरी आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र चुकीच्या जागी बोट ठेवतो असं मला वाटतं. खिशातल्या चाकूने रोज कोणती कामं होतात हे नीट पाहिलं, तर त्यातला धोक्याचा भाग कोणता आणि कामाचा कोणता, हे बरंचसं वेगळं करता येतं.

चाकूची हौस असलेल्या माणसांना दिवसभरात चाकू कशाला काढला असं विचारलं, तर उत्तरं अगदी साधी येतात. पार्सलची चिकटपट्टी कापली, दुधाच्या पिशवीचा कोपरा उडवला, नव्या शर्टाचं लेबल काढलं, सुतळी तोडली, टपालाचं पाकीट उघडलं, बाटलीवरचा चिकटलेला कागद खरवडला, वायरचं वेष्टण सोललं, रिकामी खोकी कापून रद्दीसाठी सपाट केली, दुपारी सफरचंद चिरलं. यांतल्या बहुतेक कामांत पातं काही सेंटिमीटरच चालतं आणि ते स्वतःकडे ओढून किंवा अंगठ्याच्या आधाराने दाबून चालवलं जातं. खोकी कापणं हे त्यातलं सर्वांत कष्टाचं काम. कागदात मिसळलेली खनिज पूड आणि पुनर्वापराच्या लगद्यातले बारीक कण धार झिजवतात, म्हणून दोन-चार मोठी खोकी फाडली की चांगल्या पोलादाची धारही मंद वाटू लागते. सफरचंदाची परीक्षा वेगळी. जाड पात्याचा चाकू कितीही धारदार असला तरी फळाला चिरत नाही, पाचरीसारखा घुसून ते फोडतो. दीड-दोन मिलिमीटर जाडीचं, धारेकडे निमुळतं होत गेलेलं पातं मात्र फोडीमागून फोड अलगद सोडवत जातं. फ्रान्सच्या साव्वा भागातला ओपिनेल चाकू 1890 पासून याच बारीक पात्यामुळे लोकांच्या जेवणाच्या टेबलावर आणि शेतावर टिकून आहे. काळा मुलामा दिलेले, चार मिलिमीटर जाड, लढाऊ नावांचे महागडे चाकू या साध्या परीक्षेत सपशेल नापास होतात.

पात्याची लांबी आणि जाडी जितकी महत्त्वाची, तितकाच महत्त्वाचा आहे त्याचा सांधा. नेहमीच्या स्विस चाकूचं मुख्य पातं कुलूपबंद होत नाही. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याच्या मुळाशी दाब देऊन बसलेली असते आणि तेवढ्याच दाबाने ते उघडं राहतं. धारेच्या दिशेने कापताना हा दाब पुरतो, कारण कापण्याच्या जोराने पातं आणखी उघडण्याकडेच ढकललं जातं. तेच पातं टोकाने एखाद्या कठीण वस्तूत खुपसायला जा, ते मिटतं आणि पकडणाऱ्याच्याच बोटांवर येतं. म्हणजे भोसकण्याच्या कामाला हा चाकू त्याच्या रचनेमुळेच नालायक आहे. इंग्लंडच्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं. 1988 च्या फौजदारी न्याय कायद्याचं कलम 139 सार्वजनिक ठिकाणी पाती बाळगायला मनाई करतं, पण तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातला चाकू त्यातून वगळतं. पातं कुलूपबंद होत असेल तर तो चाकू या सवलतीत बसत नाही, हे तिथल्या न्यायालयाने 1993 मध्ये स्पष्ट केलं. लॉक असलेला चाकू वापरणाऱ्याच्या बोटांना अधिक सुरक्षित असतो, असा हौशी मंडळींचा त्यावर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. तरीही सार्वजनिक जागेसाठी कायद्याने केलेली निवड मला पटते. आपलं बोट कापण्याचा धोका काळजी घेऊन टाळता येतो, समोरच्याचा धोका त्याच्या हातात नसतो.

असा विचार न करता सरसकट भीतीने पावलं उचलली की काय होतं, त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण जपानचं आहे. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात 1890 च्या दशकापासून ‘हिगोनोकामी’ नावाचा घडीचा चाकू बनू लागला. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, त्यात खिळ्यावर फिरणारं पातं आणि पात्याच्या मुळाशी अंगठ्याने दाबून धरायची छोटी शेपटी, एवढीच त्याची रचना. त्यात स्प्रिंग नाही आणि लॉकही नाही, अंगठा सुटला की पातं सैल. हा चाकू जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरात असे, कारण पेन्सिलीला टोक त्यानेच करत. आपल्याकडे हेच काम दाढीच्या अर्ध्या ब्लेडने होत असे आणि ते कितीतरी धोक्याचं होतं, कारण ब्लेडला मूठच नाही. 12 ऑक्टोबर 1960 रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात भाषण चालू असताना समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. हत्यार होतं आखूड तलवार. पण देश हादरला होता, आणि मुलांच्या हाती धारदार वस्तूच देऊ नयेत अशी मोहीम देशभर पसरली. शाळांमध्ये शार्पनर आले, हिगोनोकामीची मागणी कोसळली आणि मिकीतल्या कारागिरांची घरं एकेक करून या धंद्यातून बाहेर पडली. आज ते नाव वापरण्याचा हक्क असलेला एकच कारखाना उरला आहे. तलवारीने केलेल्या खुनाची शिक्षा पेन्सिलीला टोक करणाऱ्या चाकूला झाली. त्यातून आणखी काय गेलं, हे नागानो प्रांतातल्या आईसोमे प्राथमिक शाळेने ओळखलं असावं. इकेदा गावातल्या या शाळेत 1980 च्या दशकापासून पहिलीतल्या मुलांना हिगोनोकामी दिला जातो आणि मुलं त्याने स्वतःच्या पेन्सिली तासतात. लाकडाचा रेशा कुठे वळतो हे हाताला कळणं, धार बोटापासून किती दूर ठेवायची याचा अंदाज येणं, चुकलं तर थोडं खरचटून शिकणं, हे शिक्षण शार्पनरमध्ये नाही. कागदावर ते क्षुल्लक दिसेल, पण हातांनी काहीही घडवणाऱ्या प्रत्येक माणसाची सुरुवात अशाच एखाद्या धारेपासून होते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की सात सेंटिमीटरचं पातंही माणूस मारू शकतं. ते नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण पुरावा काय सांगतो तेही पाहावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये धारदार शस्त्राने झालेल्या खुनांच्या सरकारी आकडेवारीत सर्वाधिक आढळणारं हत्यार स्वयंपाकघरातला चाकू आहे, आणि तो प्रत्येक घरात आहे. या वास्तवावर मला सर्वांत धीट वाटलेला विचार राजकारण्यांनी मांडला नाही, कायदेपंडितांनीही नाही. पश्चिम लंडनच्या एका रुग्णालयात अपघात विभागात काम करणाऱ्या तीन डॉक्टरांनी 2005 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो लिहिला. रात्रीबेरात्री भोसकलेली माणसं हाताळणाऱ्या या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: स्वयंपाकाच्या लांब चाकूला इतकं अणकुचीदार टोक हवंच कशाला? त्यांनी दहा आचाऱ्यांना विचारलं आणि लांब चाकूचं टोक अत्यावश्यक आहे असं त्यांतल्या कुणालाच वाटलं नाही. टोकाचा उपयोग होतो तो बारीक कामात आणि ते काम आखूड चाकूनेही भागतं. वार आत किती खोल जाईल हे टोक आणि लांबी मिळून ठरवतात, धार एकटी नाही. गोल टोकाचं पातं खुपसायला गेलं तर कपड्यावर, कातडीवर अडतं. चौदाव्या लुईने 1669 मध्ये फ्रान्समध्ये टोकदार चाकूंवर बंदी घालून टोकं घासून गोल करायला लावली, तेव्हाही हेच तर्कशास्त्र होतं. अभिनेता इद्रिस एल्बाने जानेवारी 2025 मध्ये गोल टोकाच्या स्वयंपाकी चाकूंची मागणी केली तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. मला ती गेल्या वीस वर्षांतली या विषयावरची सर्वांत समंजस सूचना वाटते, आणि तिच्यामागचा विचार त्या तीन डॉक्टरांच्या लेखातलाच आहे.

दुसरा आक्षेप असा, की ही सगळी कामं कात्रीने, कटरने, दाताने किंवा किल्लीनेही होतात, मग चाकू खिशात हवाच कशाला. सुटं काम घेतलं तर हे खरं आहे. पण खिशातल्या साधनाचं मोल अनपेक्षित कामात असतं, आणि कात्री घरी ड्रॉवरमध्ये असते. कटरचं बोथट झालेलं पातं मोडून कचऱ्यात जातं, तर चाकूचं पातं दगडावर घासून पुन्हा तयार होतं. नीट धार लावली तर एक चाकू अर्धं आयुष्य पुरतो. तिसरा आक्षेप हौशी मंडळींवरच आहे आणि त्यात तथ्य आहे. काहींना काम कमी आणि चाकू जास्त असतो. वीस हजारांचा चाकू घ्यायचा आणि त्याने पाकीट फोडायचं, एका झटक्यात उघडणाऱ्या पात्याचे व्हिडिओ काढायचे, लढाईसाठी बनवल्यासारखी टोकं मिरवायची. ही दिखाऊ बाजारपेठच कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते आणि तिची झळ साध्या चाकूला लागते. हौस असलेल्यांनी हे स्वतःहून बोलायला हवं. चाकूला साधन म्हणायचं असेल तर त्याचा आकार साधनासारखा असावा.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. ऊसतोडीचा कोयता पुण्यात टोळीच्या नावाला जोडला गेला, आणि ज्या अवजारावर ऊसतोड कामगारांची घरं चालतात त्याच्याकडे शहर संशयाने बघू लागलं. आपले कायदे तसे विचारी आहेत. केंद्राच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची नोंद आहे आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. मोजमाप आणि हेतू, दोन्ही तिथे विचारात घेतले आहेत. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खालचे मनाई आदेश मात्र तलवार, भाला, सोटा, काठी यांच्या रांगेत ‘चाकू’ असा एकच शब्द लिहितात. सणासुदीच्या काळात गर्दीवर असे आदेश लागतात तेव्हा त्यामागची चिंता रास्त असते. पण आंब्याचं कोय कलम बांधणाऱ्या माळ्याच्या खिशातला कलमचाकू आणि भांडणासाठी कमरेला खोचलेला सुरा या एकाच शब्दात येतात. कोवळ्या रोपात खाच घेऊन त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची तर काप एका ओढीत, स्वच्छ यावा लागतो. बोथट पात्याने तंतू चिरडले तर जोड धरत नाही. या माणसाला बिनपात्याचं साधन देऊन काय उपयोग? आदेशात लांबी, लॉक आणि टोक यांचा उल्लेख आला तरी पोलिसाला रस्त्यावर फरक करणं सोपं जाईल, कारण या तिन्ही गोष्टी नुसत्या बघून कळतात.

म्हणून व्हिक्टोरिनॉक्सने पातं काढण्याऐवजी टोक काढावं, असं मला वाटतं. रोजच्या कामांची यादी पुन्हा तपासली तर टोक खरोखर लागतं ते मोजक्या ठिकाणी: बोटात रुतलेलं कुसळ काढायला, बटाट्याचा डोळा कोरायला, कडक प्लॅस्टिकला पहिलं भोक पाडायला. कुसळ काढायला या कंपनीच्या अनेक चाकूंत चिमटा असतोच आणि प्लॅस्टिकला त्यांतली कात्री पुरते. बटाट्याच्या डोळ्याला थोडा जास्त वेळ लागेल. बाकी खोकं, सुतळी, सफरचंद, पेन्सिल, लेबल या सगळ्यांना फक्त धार हवी. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी बोथट नाकाचे, सरळ धारेचे चाकू वापरत, म्हणजे हेलकाव्यात ते शिडात किंवा सोबत्याच्या अंगात घुसू नयेत. व्हिक्टोरिनॉक्सला यासाठी नवं काही शोधावंही लागणार नाही. लहान मुलांसाठी गोल टोकाच्या पात्याचा चाकू ही कंपनी कधीपासून बनवते आहे. तेच पातं मोठ्यांच्या चाकूत बसवून ते जर्मनीच्या आणि ब्रिटनच्या कायदेमंडळांपुढे ठेवता येईल, आणि आपल्याकडच्या मनाई आदेशांतही त्याला जागा मागता येईल.