आपले शेत पाखरांना मानवते का?

श्रोतेहो, जमिनीचा कस विचारला तर शेतकरी मूठभर माती हातात घेऊन सांगतो. पण हेच शेत पाखरांना राहण्याजोगे आहे का, असे विचारले तर? त्याचीही पारख करता येते. नुसती पाखरे मोजून मात्र ती होत नाही. हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी मध्य आशियाकडे निघून जातात. ते पाहुणे. शेताची पारख करायची ती बारमाही नांदणाऱ्या पाखरांवरून.

त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात: चारा, पाणी, आडोसा आणि घरट्याची जागा. आपल्या बिलोलीकडच्या काळ्या रानात पूर्वी ज्वारी, तूर, मूग, तीळ अशी मिसळ असे. अलीकडे सोयाबीन पसरले. ते निघाले की रान आठवड्यात उघडे पडते. तुरीच्या ओळी असतील, तर लाव्या-तितरांना पौषापर्यंत आडोसा राहतो.

घरट्यांची तऱ्हा निराळीच. टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते, सुगरण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपा टांगते, पिंगळ्याला जुन्या झाडाची ढोल लागते. झाड, झुडूप, गवत यांचा मेळ शेतात एकाच जागी सापडतो, तो म्हणजे बांध. बांध कोरून पिकाची दोन तासे वाढतात खरी, पण तेवढ्यात कितीतरी घरे मोडतात.

यात शेतकऱ्याचा फायदा काय? पाखरे कणसे खातात, हे खोटे नव्हे. गोफण काही उगीच जन्माला आली नाही. पण कोतवाल आणि साळुंकी अळ्या टिपतात, पिंगळा रात्री उंदीर मारतो. म्हणून तर घाटेअळीसाठी हरभऱ्यात हेक्टरी वीसेक पक्षीथांबे रोवायला कृषितज्ज्ञ सांगतात. मात्र थांबा बसण्यापुरता. राहायला बांधच हवा.

शिक्षकबंधूंनी हे काम मुलांकडून जरूर करून घ्यावे. सूर्योदयाला ठरलेल्या बांधावरून पाव तास चालावे. कोणते पाखरू, कशावर बसले, काय करत होते, एवढेच वहीत लिहावे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा अशी तिन्ही ऋतूंत नोंद ठेवावी. त्यात खरी परीक्षा वैशाखाची. पीक नाही, ओढे आटलेले. त्या दिवसांतही ज्या शेतात होला घुमतो आणि चिमणीला पाणी मिळते, ते शेत पाखरांना मानवले असे खुशाल समजावे.