जुनाट वेदना आणि स्मृतिभ्रंश

‘वय झाले म्हणजे गुडघे दुखायचेच’, असे म्हणून घरातील ज्येष्ठांच्या दुखण्याकडे काणाडोळा करण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. स्त्रिया तर असे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना ही केवळ सांध्यांपुरती बाब राहत नाही. स्मृती व आकलनशक्ती यांच्याशीही तिचा संबंध असावा, असे अलीकडील संशोधनावरून दिसू लागले आहे.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम हे गाव १९४८ पासून चालू असलेल्या हृदयविकारविषयक पाहणीमुळे सर्वज्ञात आहे. तेथील दुसऱ्या पिढीतील २,४६४ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या असता, अंगभर वेदना असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांहून ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक नागरिकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये पुढे आला. दुखऱ्या जागा जितक्या अधिक तितका धोका अधिक, असे त्यात दिसले. शिवाय स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भागही अशा व्यक्तींमध्ये लवकर आक्रसत असल्याचे आढळले.

याचा अर्थ, कंबर दुखणाऱ्या प्रत्येकास विस्मरण जडेल, असा मुळीच नव्हे. वेदना हेच कारण, की मेंदूत आधीच सुरू झालेल्या बिघाडामुळे वेदना अधिक जाणवते, याचा उलगडा अद्याप व्हावयाचा आहे. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके नमूद केले. त्यांत वेदनेचा समावेश नाही. मात्र व्यायामाचा अभाव, नैराश्य आणि एकाकीपणा हे तीन धोके त्यांत आहेत. गुडघे धरले की देवळापर्यंतचे चालणे बंद होते, पारावरची बैठक सुटते, मन खचते. झोपही उडते. या आडवाटेने वेदना मेंदूपर्यंत पोहोचत असणे सहज संभवते.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. हे लक्षात घेता वेदनेवर वेळीच उपचार करून घेणे इष्ट ठरते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांना अपाय होतो, तेव्हा तो मार्ग नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेला व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि भौतिकोपचार यांनी पुष्कळांना आराम पडतो. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून राबविला जात असून, जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभागाची तरतूद त्यात आहे.

ज्यांना स्मृतिभ्रंश जडला आहे, त्यांची अडचण याहून बिकट असते. दुखते आहे, हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही आणि घरची मंडळी त्यास हट्ट समजतात. स्नान घालताना हात झिडकारणे, कपाळास आठ्या पडणे, अन्न नाकारणे, रात्री कण्हणे, यांपैकी काही नव्याने दिसू लागल्यास प्रथम दात, सांधे, पोट व पाठ डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.