जुना संगणक भंगारात देण्याआधी

कष्टकरी घरातला संगणक बहुधा हप्ते फेडून आलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि अनेक जुन्या यंत्रांत ती नसते. मग सल्ला मिळतो, "हा भंगारात द्या, नवा घ्या." आम्ही म्हणतो, थोडे थांबा. लिनक्स ही कार्यप्रणाली फुकट मिळते. तिचा लिनक्स मिंट हा प्रकार ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर चालतो.

पण पहिला प्रश्न असा की, घरात विंडोज असताना लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार कसा करायचा?

मिंटच्या संकेतस्थळावरून 'आयएसओ' नावाची फाइल मिळते. ही डिस्क इमेज, म्हणजे संपूर्ण तबकडीचे हुबेहूब चित्र. अनेकजण ती नेहमीच्या फाइलसारखी पेनड्राइव्हवर टाकतात आणि संगणक सुरूच होत नाही. घराचा नकाशा खिशात ठेवला म्हणून घर उभे राहत नाही, तसेच हे. इमेज पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते. विंडोजवर हे काम रुफस हा फुकटचा प्रोग्राम करतो. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे.

लिहिण्याआधी फाइल तपासा. संकेतस्थळावर शा-२५६ नावाची अक्षरे-आकड्यांची लांब खूण दिलेली असते. रुफस आपल्या फाइलची खूण काढून दाखवतो. दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा. एक अक्षर वेगळे असेल, तर फाइल पुन्हा उतरवून घ्या.

आता उलटी वाट पाहू. मुलीला नोकरीसाठी टॅली शिकायचे आहे, त्याला विंडोज लागते, आणि हाताशी मात्र लिनक्सचा संगणक आहे. रुफस लिनक्सवर चालत नाही. लिनक्सची इमेज 'डीडी' या आज्ञेने जशीच्या तशी लिहिली तरी चालते, कारण ती पेनड्राइव्हसाठीही बांधलेली असते. विंडोजची इमेज तशी नसते, त्यामुळे हा उपाय तिथे फसतो. फाइली सुट्या करून टाकाव्यात, तर दुसरी अडचण येते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. यावर सोपा उपाय व्हेंटॉय. हा प्रोग्राम लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतो. तो पेनड्राइव्हवर एकदा बसवला की पुढे आयएसओ फाइल नुसती त्यावर टाकायची.

सर्वांत मोठा धोका निवडीत आहे. इमेज लिहिताना निवडलेल्या डिस्कवरचे सारे पुसले जाते. 'डीडी' तर पुन्हा विचारतही नाही. एक अक्षर चुकले, तर पेनड्राइव्हऐवजी संगणकाची मूळ डिस्क जाते आणि तिच्यासोबत जातीचा दाखला, गुणपत्रिका, आईवडिलांचे फोटो. म्हणून आधी सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. इतर पेनड्राइव्ह काढून घ्या. डिस्कची क्षमता वाचून मगच होकार द्या.

पेनड्राइव्ह तयार झाला की संगणक त्यावरून सुरू करा. मिंट न बसवताही वापरून पाहता येते. वायफाय, आवाज, छपाई आणि मराठी टंकलेखन तपासा. पटले तरच बसवा.

ताई-दादांनो, हे काम एका रविवारी होते. एकाने शिकावे आणि शेजारच्या दोन घरांना शिकवावे.