शिवाजी पार्कावरील गुरु : कै. रमाकांत आचरेकर

द्रोणाचार्यांचें नांव शिक्षकाच्या गौरवास द्यावें कीं नाहीं, याविषयीं संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसाच्या मनांत थोडी शंका असतेच. द्रोण धनुर्विद्येंत अद्वितीय खरे. परंतु ज्यास आपण कांहींच शिकविलें नाहीं, त्या एकलव्याकडून त्यांनीं अंगठा मागून घेतला, हें कसें विसरावें? १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार ज्यांस मिळाला त्या रमाकांत आचरेकरांची रीत नेमकी उलट होती. सरावानें थकलेला मुलगा दिवसाच्या अखेरीस फलंदाजीस उभा राहिला म्हणजे ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो त्यास बाद करील त्याचें तें नाणें. कोणासही न साधल्यास फलंदाजाचें. सचिन तेंडुलकरनें अशीं तेरा नाणीं मिळविलीं आणि सर्व बक्षिसांहून तीं अधिक जपलीं.

आचरेकर मूळचे मालवणचे. जन्म १९३२ चा. वरच्या दर्जाचा सामना त्यांच्या वाट्यास एकच आला. तोही स्टेट बँकेच्या संघातर्फें, हैदराबादविरुद्ध. बँकेंतील नोकरी सांभाळून त्यांनीं दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ घडविला, आणि शिवाजी पार्क हाच त्यांचा वर्ग झाला. बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर हे सारे त्यांच्या हाताखालून गेले. स्वतः फारसें खेळावयास न मिळालेला मनुष्य दुसऱ्यास खेळवूं शकतो काय, असें विचारणारांस एवढी यादी पुरे आहे.

सचिन अकरा वर्षांचा असतां वडील बंधु अजित यांनीं त्यास सरांपाशीं नेलें. सरांच्या देखत मुलगा बुजला, त्याच्या हातून कांहींच धड होईना. तेव्हां अजितनें विनंती केली कीं, आपण निघून गेल्यासारखें करावें आणि दुरून पाहावें. सर झाडाआड उभे राहिले. मुलगा मोकळेपणानें खेळला आणि त्याचा प्रवेश निश्चित झाला. आपल्या उपस्थितीचें ओझें विद्यार्थ्याच्या मनावर पडतें, हें ओळखून बाजूस सरणारे शिक्षक किती असतील!

नुसत्या सरावापेक्षां सामने खेळण्यावर त्यांचा भर असे. सचिनला स्कूटरवर मागें बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्यावर नेत. एकाच दिवशीं दोन दोन सामने. एकदां हा मुलगा ठरलेला सामना सोडून शाळेच्या मोठ्या संघाचा खेळ पाहावयास वानखेडेवर गेला. तेथें त्यास सरांची चपराक बसली. दुसऱ्यांसाठीं टाळ्या वाजवीत बसण्यापेक्षां आपल्यासाठीं दुसऱ्यांनीं वाजवाव्यात असें खेळावें, असा त्या बोलण्याचा आशय होता. छडीविषयीं आमचें मत बरें नाहीं, पण वाक्य मात्र सोन्याचें!

स्तुति ते क्वचितच करीत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं निवृत्त होतांना सचिननें भर मैदानांत सांगितलें कीं, मी सुस्तावेन या भयानें सरांनीं मला कधीं शाबासकी दिली नाहीं. आतां सामनेच उरले नाहींत, आतां द्यावयास हरकत नाहीं.

फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस ढालीच्या सामन्यांत सचिन व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली, ती सर्वांस ठाऊक आहे. सचिनच्या ३२६, कांबळीच्या ३४९. डाव सोडण्याची खूण मैदानाबाहेरून होत होती, परंतु दोघेही तिकडे पाहात नव्हते. अखेर सरांचा हुकूम दूरध्वनीवरून आला. एकाच धावेची मुभा द्यावी, ३५० होऊं द्याव्या, अशी कांबळीची विनवणी होती, असें सांगतात. ती मानली गेली नाहीं.

पण त्या दिवसांचा विचार करतांना आमचें मन या दोघांपेक्षां तिसऱ्याच मुलाकडे जातें. पुढील फलंदाज म्हणून पायांस पॅड बांधून अमोल मुझुमदार तंबूंत बसला होता. त्याची पाळी आलीच नाहीं. पुढें त्यानें मुंबईकडून रणजी पदार्पणांतच २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणींत अकरा हजारांहून अधिक धावा केल्या. तरी भारताच्या संघांत त्यास स्थान मिळालें नाहीं. पहिल्या बाकावरील मुलाचें यश कोणासही दिसतें. आमच्या मतें शिक्षकाचें मोल अशा, पाळी न आलेल्या मुलांवरून करावें. इतकीं वर्षें उपेक्षा सोसूनही त्यानें खेळ टाकला नाहीं.

सरांस २०१० सालीं पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्यें शिवाजी पार्कावर त्यांचें स्मारक उभें राहिलें. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारताच्या महिलांनीं दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक प्रथमच जिंकला. त्यांचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. तें पाहावयास आचरेकर सर नव्हते. २ जानेवारी २०१९ रोजीं मुंबईंत ते निवर्तले होते.