हिरड्यांतून रक्त का येते?

सकाळी चूळ भरताना थुंकीत रक्त दिसते. आपण म्हणतो, "उष्णता झाली असेल." दुखत तर काहीच नाही, मग डॉक्टरकडे कशाला जायचे? पण दुखत नाही, हीच तर या रोगाची लबाडी आहे.

दाताला खाली जबड्याचे हाड धरून ठेवते. खुंट्याभोवतीची माती गेली की खुंटा हलतो ना? दाताचेही तसेच आहे.

दातांवर रोज एक चिकट थर बसतो. सकाळी उठल्यावर जीभ फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. तो रोज काढला नाही, तर त्याचे कडक कीटण होते. मग हिरडी लाल होते, सुजते, रक्त येते. इथवर सगळे बरे होऊ शकते. पुढे मात्र जंतू हिरडीखाली शिरतात आणि हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

रक्त येते म्हणून पुष्कळजण तिथे घासायचेच सोडतात. हे उलटे झाले. तिथेच हलक्या हाताने, पण नीट घासले पाहिजे.

आता मशेरीचे. मायबहिणींना राग येईल, तरी सांगतो. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. ती लावली की तरतरी येते. रक्तही कमी दिसते. पण त्याचे कारण वेगळे आहे. तंबाखूने हिरडीतले रक्तच कमी वाहते. आत हाड झिजतच असते. तोंडाच्या कॅन्सरची भीती आणखी वेगळी.

सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी मऊ ब्रशने दोन दोन मिनिटे दात घासावेत. ब्रश नसेल तर कडुनिंबाची काडी चावून मऊ करावी. विटेची पूड नको, दात झिजतात.

कीटण घरी निघत नाही, ते डॉक्टरच काढतात. "दात साफ केले की हलतात," असे लोक म्हणतात. अहो, हाड आधीच झिजलेले असते! कीटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून ते कळत नाही.

मधुमेह असेल तर हा रोग लवकर बळावतो, आणि रोग बळावला की रक्तातली साखरही आटोक्यात राहत नाही. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. अशांनी थांबू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात. तिथे मशेरी लावता हे लाजून लपवू नका.