एकच रोप : भांग, गांजा आणि चरस

नवी दिल्ली : यमुनेच्या पूरमैदानात, रेल्वेमार्गांच्या कडेला आणि नोएडा, गाझियाबाद येथील मोकळ्या भूखंडांवर एक रोप कोणीही न लावता उगवते. हाताच्या पंजासारखे विभागलेले, करवतीसारख्या कडांचे पान आणि उग्र वास यांमुळे ते सहज ओळखू येते. महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राजधानीत आलेल्या तरुणांना त्याचे नवल वाटते. स्थानिकांच्या लेखी ते निव्वळ तण असते. कॅनाबिस सटायव्हा हे त्याचे शास्त्रीय नाव. होळीची भांग याच रोपापासून तयार होते आणि बाळगल्यास वीस वर्षांपर्यंतचा कारावास घडवू शकणारे गांजा व चरसही याच रोपापासून मिळतात. रोपाचा कोणता भाग घेतला, तो कसा तयार केला आणि शरीरात कोणत्या मार्गाने गेला, यावर सारा भेद अवलंबून आहे.

लॅटिन भाषेत ‘सटायव्हा’ म्हणजे लागवडीखालील. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५३ मध्ये हे नाव दिले, तेव्हा त्यांच्यासमोर युरोपात धाग्यासाठी पेरले जाणारे उंच रोप होते. पुढे १७८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी प्रजाती सांगितली. ती खरोखर निराळी आहे की एकाच प्रजातीचा प्रकार, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. अनेकांच्या मते प्रजाती एकच आहे.

मराठीत या नावांचा घोळ आणखी वाढतो. इंग्रजीतील ‘हेम्प’ या शब्दासाठी भाषांतरांतून कधी ‘अंबाडी’, तर कधी ‘ताग’ असा प्रतिशब्द योजला जातो. अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातील वनस्पती आहे आणि तागाचाही गांजाशी संबंध नाही. धागा सर्वांपासून निघतो, एवढेच काय ते साम्य. अंबाडीची भाजी आवडीने खाणाऱ्या घरांत असे भाषांतर वाचून काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

ज्या देशांत गांजाची विक्री कायदेशीर झाली आहे, तेथील दुकानांत ‘सटायव्हा’ म्हणजे तरतरी आणणारा आणि ‘इंडिका’ म्हणजे सुस्ती आणणारा, अशी विभागणी केलेली असते. इंटरनेटमुळे हा समज दिल्लीच्या महाविद्यालयांपर्यंतही पोहोचला आहे. विज्ञानाचा त्याला फारसा आधार नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय तपासणीत, या नावांनी विकले जाणारे वाण अनेकदा नावाप्रमाणे नसल्याचे आढळले. रोपाच्या उंचीवरून किंवा पानाच्या रुंदीवरून त्याचा मेंदूवरील परिणाम सांगता येत नाही.

परिणाम ठरतो तो रसायनांवरून. त्यांतील प्रमुख म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी. इस्रायली शास्त्रज्ञ राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. नशा येते ती मुख्यतः याच द्रव्यामुळे. कॅनाबिडिऑल किंवा सीबीडी हे दुसरे द्रव्य तशी नशा आणत नाही. टीएचसी ज्या ग्राहींना चिकटते त्या मेंदूतील ग्राहींसाठी शरीर स्वतःही एक द्रव्य तयार करते, असे १९९२ मध्ये दिसून आले आणि संशोधकांनी त्याला संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदमाइड’ असे नाव दिले.

या वनस्पतीत नर आणि मादी रोपे सहसा वेगळी असतात. टीएचसी सर्वाधिक असते ते मादी रोपाच्या फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत. परागण झाले नाही तर फुलोरा बीज धरण्याऐवजी राळ तयार करीत राहतो. ब्रिटिश काळात बंगालमधील नौगाव येथे, शेतातून नर रोपे हुडकून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ म्हणून ओळखले जाणारे जाणकार नेमले जात. वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस आणि पाने वाटून केलेली ती भांग. पानांत टीएचसी कमी असते, म्हणून भांग सौम्य मानली जाते. हा समज अर्धाच खरा आहे.

धूम्रपानातून टीएचसी फुप्फुसांवाटे काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचते. परिणाम अर्ध्या तासाच्या आत शिगेला जातो आणि साधारण दोन ते तीन तासांत ओसरतो. भांगेचे तसे नाही. थंडाईतून किंवा मिठाईतून पोटात गेलेले टीएचसी आधी यकृतात जाते. तेथे त्याचे रूपांतर आणखी एका प्रभावी द्रव्यात होते आणि मग ते मेंदूत पोहोचते. या साऱ्याला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि परिणाम सहा ते आठ तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. होळीच्या दिवशी अनुभव नसलेल्या व्यक्तीची फसगत नेमकी येथे होते. पहिल्या पेल्यानंतर तासाभरात काहीच जाणवले नाही म्हणून दुसरा घेतला जातो आणि मग दोन्हींचा प्रभाव एकदम सुरू होतो. दूध आणि सुकामेवा यांतील स्निग्धांशात टीएचसी चांगले विरघळते, हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय पेल्यात किती भांग आहे, हे देणाऱ्यालाही नेमके ठाऊक नसते.

तोंडाला कोरड पडणे, डोळे लाल होणे, भूक वाढणे, वेळ संथ गेल्यासारखी वाटणे, नुकतेच बोललेले विसरणे ही नेहमीची लक्षणे. नाडीचे ठोके वाढतात, म्हणून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक. मात्रा जास्त झाल्यास तीव्र भीती, संशय, भ्रम आणि उलट्या होऊ शकतात. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, वाहन चालवू देऊ नये. शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा लहान मुलाच्या पोटात भांग गेली असेल, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

दीर्घकाळाचा प्रश्न निराळा आहे. हे व्यसन लागतच नाही, असे अनेक जण सांगतात. परदेशांतील अभ्यासांवरून, सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे नऊ टक्के लोक त्यावर अवलंबून होतात आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहापैकी एकाच्या आसपास जाते. युरोपातील काही शहरे आणि ब्राझील येथे झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र प्रकारच्या गांजाचे रोज सेवन करणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता सेवन न करणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळली. प्रत्येकाला असे होते, असा याचा अर्थ नाही. मात्र ज्यांच्या कुटुंबात स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टर विशेष सावधगिरीचा सल्ला देतात.

भारतातील चित्र अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘एम्स’च्या, राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणातून समोर आले. हे केंद्र गाझियाबाद येथे आहे. आदल्या वर्षभरात देशातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी या वनस्पतीचे कोणते ना कोणते पदार्थ घेतले होते. त्यांत भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, तर गांजा किंवा चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. काही जण दोन्ही घेत असल्याने ही बेरीज जुळत नाही. भांग घेणारे अधिक असले, तरी घातक सेवनाचे प्रमाण गांजा व चरस घेणाऱ्यांत जास्त होते. सरासरीहून अधिक सेवन असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, सिक्कीम आणि छत्तीसगढ यांच्यासह दिल्लीचाही समावेश होता.

कायद्यानेही रोपाचे भाग पाडले आहेत. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेऊन, माफक सेवनावर संपूर्ण बंदी घालण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर परिस्थिती बदलली. त्यानुसार भारताने १९८५ मध्ये अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच ‘एनडीपीएस’ कायदा केला. त्यात गांजाच्या व्याख्येत केवळ फुलोरा किंवा फळधारी शेंडे येतात. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत. भांग या कायद्यातून सुटली ती अशी. कर्नाटक उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना हा भेद मान्य केला.

मात्र सुटली म्हणजे सर्वत्र मोकळी झाली, असे नाही. भांग हा राज्यांचा विषय आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गाझियाबाद आणि नोएडा ही शहरे उत्तर प्रदेशात, तर अलवर राजस्थानात येते. या दोन्ही राज्यांत भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना भांग बाळगणे हा गुन्हा आहे. परवानाधारक दुकानातून घेतलेली पुडी बॅगेत टाकून कोणी मुंबईच्या गाडीत बसले, तर ती खरेदीची पावती महाराष्ट्रात कामी येणार नाही.

गांजाच्या बाबतीत सवलत नाही. एक किलोहून कमी प्रमाण ‘अल्प’ धरले जाते, परंतु त्यासाठीही एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वीस किलोहून अधिक प्रमाण ‘व्यावसायिक’ ठरते आणि शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे. चरसासाठी याच मर्यादा शंभर ग्रॅम आणि एक किलो आहेत. रस्त्याकडेच्या जंगली रोपाचा फुलोरा खुडून खिशात ठेवला, तरी व्याख्येनुसार तो गांजाच. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडातील एका सदनिकेत कृत्रिम प्रकाशात कुंड्यांमध्ये वाढवलेली रोपे पोलिसांनी जप्त केली होती.

धागा व बियांसाठी लागवडीची परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि उत्तराखंडने तिचा वापरही केला. बिया व बियांचे तेल यांना अन्न म्हणून २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

सेवन करणाऱ्यांच्या कुटुंबांना याच कायद्यातील एक तरतूद सहसा ठाऊक नसते. कलम ६४-अ नुसार, व्यसनाधीन व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि ती सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करीत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. गांजाच्या व्यसनावर खास असे औषध नाही. उपचाराचा मुख्य भाग समुपदेशनाचा असतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.